पेरूच्या फांदीवरचा कोळी

इ. स. १६९९च्या उन्हाळ्यात अ‍ॅमस्टरडॅमहून सुरिनामकडे निघालेल्या एका जहाजावर ५२ वर्षांची एक स्त्री आपल्या २१ वर्षांच्या मुलीला घेऊन चढली. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरची ही डच वसाहत म्हणजे उसाचे मळे, गुलामांचा घाम आणि न हटणारे ताप. तिकडे जाणारी माणसे ठरलेली असत. सैनिक, व्यापारी, मळेवाले, फार तर एखादा धर्मोपदेशक. ही स्त्री यांपैकी कुणीच नव्हती. कुणा राजाने, कंपनीने वा विद्वत्सभेने तिला पाठवले नव्हते. प्रवासखर्चासाठी तिने आपली २५५ चित्रे विकली होती आणि निघण्यापूर्वी मृत्युपत्रही करून ठेवले होते. एवढ्या खटाटोपाचे कारण कळल्यावर अनेकांनी कपाळाला हात लावला असेल. तिला तिथले किडे पाहायचे होते. टाचणीने टोचून पेटीत मांडलेले किडे तिने पुष्कळ पाहिले होते. आता तिला ते जिवंत, आपापल्या झाडावर, पाने खाताना, कात टाकताना, एकमेकांची शिकार करताना पाहायचे होते.

या स्त्रीचे नाव मारिया सिबिला मेरियन. आज पहिला पाऊस पडला, की हातात बॅटरी आणि गळ्यात कॅमेरा घेऊन आंबोलीच्या जंगलात बेडूक, कोळी आणि चित्रविचित्र किडे टिपण्यासाठी रात्ररात्र चिखलात बसणारी मंडळी आपल्याकडेही दिसतात. छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला तो १८३९ साली, मेरियनच्या प्रवासानंतर तब्बल १४० वर्षांनी. पण जीव जिथे राहतो तिथेच त्याला पाहावे, तो कशावर जगतो तेही चित्रात यावे, आणि हवा तो क्षण येईपर्यंत मुकाट्याने वाट पाहावी, ही या छंदाची शिस्त तिने कुंचल्याच्या बळावर फार आधी अंगी बाणवली होती. या शिस्तीची किंमतही तिने मोजली. तिच्या हयातीत तिला कष्ट पडले ते निराळेच. मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी तिला खोटारडी ठरवण्यात आले, आणि तेही तिने काढलेल्या एका कोळ्याच्या चित्रावरून.

मारियाचा जन्म २ एप्रिल १६४७ रोजी जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात झाला. वडील माथेउस मेरियन हे मूळचे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचे. शहरांची दृश्ये आणि नकाशे ताम्रपटावर कोरणारे नामांकित कारागीर आणि प्रकाशक. मारिया तीन वर्षांची असताना ते वारले. आईने १६५१ मध्ये याकोब मारेल या चित्रकाराशी दुसरे लग्न केले. मारेल फुलांची चित्रे काढीत आणि विकीत. सावत्र बाप हा शब्द आपल्याकडे काय किंवा युरोपात काय, फारशा चांगल्या अर्थाने उच्चारला जात नाही. पण मारियाला चित्रकला शिकवली ती याच सावत्र बापाने. घरात शाई होती, ताम्रपट होते, रंग होते, शिकायला येणारी मुले होती. मुलींना चित्रकारांच्या संघात रीतसर प्रवेश मिळणे दुरापास्त असण्याच्या त्या काळात तिला घरातच कार्यशाळा मिळाली.

१६६० मध्ये, तेराव्या वर्षी, तिने रेशमाचे किडे पाळले. अंड्यातून निघालेली दोऱ्याएवढी अळी, तिची अखंड चाललेली भूक, एकामागून एक टाकलेली कात, मग स्वतःभोवती विणलेला कोश आणि शेवटी त्यातून बाहेर पडणारा पांढरा पतंग, हे सारे तिने पाहिले आणि रंगवले. रेशमाच्या किड्यापासून ती इतर सुरवंटांकडे वळली. बागेतले, कुंपणावरचे, चिडवणीवरचे सुरवंट आणून ती लाकडी डब्यांतून ठेवू लागली. या मुलीचे सवंगडी म्हणजे सुरवंट, असे म्हटले तरी चालेल.

त्या काळाची समजूत लक्षात घेतल्याशिवाय या उद्योगाचे मोल कळणार नाही. किडे हे चिखलातून, दवातून, कुजलेल्या मांसातून आपोआप उपजतात, असे अ‍ॅरिस्टॉटलपासून मानले जात होते. सुरवंट हा एक प्राणी आणि फुलपाखरू हा दुसरा, अशीही अनेकांची समजूत होती. झाकलेल्या मांसात अळ्या पडत नाहीत, हे इटलीच्या फ्रान्चेस्को रेदीने प्रयोगाने दाखवले ते १६६८ मध्ये. हॉलंडच्या यान स्वामर्डमचा कीटकांवरचा ग्रंथ आला तो त्याच्या पुढच्या वर्षी. फ्रँकफुर्टमधली एक मुलगी त्याआधी आठ-नऊ वर्षे अंडे, अळी, कोश आणि पतंग एका ओळीत मांडीत बसली होती. लॅटिनचे रीतसर शिक्षण तिला मिळाले नव्हते, विद्यापीठाचे दार तिला बंद होते. शिवाय जर्मन प्रदेशात चेटकीण ठरवून बायकांना शिक्षा देण्याचे प्रकार तेव्हा पुरते थांबले नव्हते. किड्यांचे डबे उशाशी ठेवणाऱ्या मुलीला घरच्यांनी हे सारे करू दिले, ही त्या घराची मोठीच गोष्ट म्हणायची.

१६६५ मध्ये तिचे लग्न मारेलच्याच एका शिष्याशी, योहान आन्द्रेआस ग्राफ या चित्रकाराशी झाले. १६६८ मध्ये योहाना हेलेना ही मुलगी झाली. दोन वर्षांनी कुटुंब न्यूरेंबर्गला गेले आणि तिथे १६७८ मध्ये दुसरी मुलगी, डोरोथेया मारिया जन्मली. न्यूरेंबर्गमध्ये मेरियन श्रीमंत घरच्या मुलींना चित्रकला व भरतकाम शिकवी, रंग विकी, भरतकामाला नमुने म्हणून फुलांची पुस्तके छापी. संसार, दोन मुली आणि शिकवण्या यांतून उरलेला वेळ सुरवंटांचा.

त्या वेळातून १६७९ मध्ये तिचे सुरवंटांवरचे पुस्तक उभे राहिले. ५० चित्रे. १६८३ मध्ये दुसरा भाग, तितक्याच चित्रांचा. आज आपल्याला या चित्रांत वावगे काही दिसत नाही, कारण निसर्गाची चित्रे अशीच असायची हे आपण गृहीत धरून चाललो आहोत. त्या काळी मात्र कीटकांची चित्रे म्हणजे कोऱ्या कागदावर रांगेत मांडलेले मेलेले नमुने. मेरियनच्या पानावर मधोमध एक रोप असे. त्याच्या पानाखाली अंडी, देठावर सुरवंट, फांदीला कोश, फुलावर फुलपाखरू. प्रत्यक्षात हे सारे एकाच वेळी एकाच फांदीवर दिसत नाही. अनेक आठवड्यांचा काळ तिने एका पानात बसवला. अमुक सुरवंट अमुकच वनस्पती खातो आणि ती मिळाली नाही तर उपाशी मरतो, हे तिने डब्यातल्या सुरवंटांचे नखरे पुरवता पुरवता शोधले होते. काही वेळा कोशातून फुलपाखराऐवजी माश्या किंवा गांधीलमाशीसारखे इवले कीटक निघत. तेव्हा या प्रकाराने ती चक्रावली, तरी तेही तिने तसेच काढून ठेवले. परजीवी कीटक दुसऱ्याच्या शरीरात अंडी घालतात, हा उलगडा इतरांकडून पुढे झाला. कारण कळले नाही म्हणून पाहिलेले गाळायचे नाही, ही तिची सवय इथपासूनची.

पुढची काही वर्षे तिच्या आयुष्यातली सर्वांत अनाकलनीय. सावत्र वडिलांच्या मृत्यूनंतर ती आईकडे फ्रँकफुर्टला परतली आणि १६८५च्या सुमारास आई व दोन्ही मुलींसह उत्तर हॉलंडमधल्या फ्रीसलंड प्रांतात, वीउव्हर्ड गावच्या वाल्था वाड्यात राहणाऱ्या लाबादी पंथाच्या समूहात सामील झाली. तिचा सावत्र भाऊ कास्पार आधीपासून तिथे होता. खासगी मालमत्ता नाही, दागदागिने नाहीत, साधे कपडे आणि प्रार्थना, असा तो पंथ. नवरा तिला न्यायला आला, तेव्हा ती गेली नाही. पुढे १६९२ मध्ये त्याने कायदेशीर फारकत घेतली. धर्मश्रद्धेने ती तिथे गेली की संसारातून सुटायला, यावर चरित्रकारांनी बरीच शाई खर्च केली आहे. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात, हे मात्र थोडेच लक्षात घेतात.

त्या ओलसर, दलदलीच्या प्रदेशात तिने बेडकांकडे लक्ष वळवले. बेडकाची अंडी, त्यातून निघणारे शेपटीवाले पिल्लू, त्याला फुटणारे पाय, आक्रसत जाणारी शेपटी, असा सारा क्रम तिने रंगवला. आणखी एक योगायोग तिथेच घडला. वाल्था वाडा ज्या सोमेल्सडाइक घराण्याचा, त्याच घराण्यातला पुरुष सुरिनामचा गव्हर्नर होता आणि लाबादी पंथीयांनी तिकडे प्रॉव्हिडन्स नावाचा मळा वसवला होता. त्या दूरच्या देशाचे नाव तिच्या कानावर प्रथम या वाड्यात पडले असावे.

आई वारल्यावर १६९१ मध्ये मेरियन मुलींसह अ‍ॅमस्टरडॅमला आली. जगभरचा माल उतरणारे ते शहर. महापौर निकोलास विट्सेन, शरीरशास्त्रज्ञ फ्रेडरिक रौश यांच्यासारख्या धनिकांच्या आणि विद्वानांच्या घरी पूर्वेकडून व पश्चिमेकडून आणलेल्या शंखशिंपल्यांचे, पाखरांचे, किड्यांचे संग्रह होते. तिला ते पाहायला मिळाले. तळहाताएवढी निळी फुलपाखरे, बोटाएवढे भुंगे. पण या संग्रहांत नेमके तेच नव्हते, ज्याच्यासाठी तिने तीस वर्षे घालवली होती. हे फुलपाखरू कोणत्या सुरवंटाचे? तो सुरवंट काय खातो? कोश कसा? उत्तर कुणापाशी नव्हते, कारण विचारलेच कुणी नव्हते. थोरल्या मुलीचे लग्न सुरिनामशी व्यापार करणाऱ्या माणसाशी झाले होते. मेरियनने धाकटीला सोबत घेतले आणि जहाज गाठले.

सुरिनाम हा प्रदेश इंग्रजांकडून डचांकडे आला तो १६६७च्या तहात. त्याच तहाने न्यूयॉर्क इंग्रजांकडे राहिले. तिथे पोहोचलेल्या मेरियनने पारामारिबो गावात घर घेतले आणि कामाला लागली. सकाळी जंगलात किंवा बागेत जायचे, सुरवंट त्याच्या झाडासकट आणायचे, त्याला रोज त्याच झाडाचा ताजा पाला घालायचा, कात टाकली की नोंद, कोश केला की नोंद, आणि वासराच्या कातड्यापासून केलेल्या गुळगुळीत वेलमवर जलरंगात चित्र. उष्णतेने जीव नकोसा होई. जंगल इतके दाट आणि काटेरी, की वाट करायला कुऱ्हाड घेऊन गुलामांना पुढे पाठवावे लागे. १६९० च्या दशकातल्या युरोपीय पोशाखात, पन्नाशी उलटलेल्या बाईने ही पायपीट कशी केली असेल, याची कल्पना करून पाहावी. मळेवाले तिची टर उडवीत. या मुलखात उसाखेरीज आणखी काही शोधण्यासारखे आहे, हेच त्यांना पटत नव्हते. तिनेही त्यांना पुस्तकात सोडले नाही. या देशात कितीतरी फळझाडे लावता येतील, पण यांना साखरेपलीकडे काही दिसत नाही, असा शेरा तिने मारला आहे.

प्रॉव्हिडन्सच्या मळ्यापर्यंत ती नदीतून वर गेली. तिला सुरवंट, फळे, मुळे आणून देणारे, त्यांची नावे व उपयोग सांगणारे होते ते मूळ रहिवासी आणि आफ्रिकेतून आणलेले गुलाम. विषारी कसावाचा कंद किसून, पिळून, भाजून त्याची भाकरी कशी करतात हे तिला त्यांच्याकडूनच कळले. (आपला उपासाचा साबुदाणा येतो तो याच कंदापासून.) तिच्या चित्रांतल्या वनस्पती मराठी वाचकाला मुळीच परक्या वाटणार नाहीत. अननस, पेरू, काजू, पपई. पोर्तुगीजांच्या जहाजांतून अमेरिकेची ही झाडे गोव्यात आणि कोकणात येऊन आपल्या परसात इतकी रुजली, की ती मूळची इथली नव्हेत हेच आपण विसरलो.

आणि शंकासुर. आपल्याकडे बागेच्या कडेला, शाळेच्या आवारात लाल-पिवळ्या तुऱ्यांनी फुलणारे हे झुडूप तिने एका सुरवंटासह रंगवले. चित्र नेहमीसारखे सुंदर आहे. सोबतचा मजकूर मात्र वाचवत नाही. या झाडाच्या बिया गुलाम स्त्रिया गर्भ पाडण्यासाठी खातात, असे ती लिहिते. कारण आपले मूल गुलाम म्हणून जन्माला यावे, असे त्यांना वाटत नाही. छळ असह्य होऊन कित्येक जणी जीवही देतात, मेल्यावर आपण आपल्या देशात, आपल्या माणसांत मोकळे जन्मू या विश्वासाने. हे त्या स्त्रियांनीच आपल्याला सांगितले, असेही ती नोंदवते. वसाहतीतल्या किती गोऱ्या माणसांपाशी त्या बायका असे बोलल्या असतील? फुलाखाली एवढे लिहून ती पुन्हा सुरवंटाकडे वळते. ती स्वतःही गुलामांकडून काम करून घेत होती, हे विसरता येत नाही. मळेवाल्यांच्या क्रौर्याची तिने निंदा केली. गुलामगिरीच नको, असे तिने कुठे म्हटलेले नाही.

तिच्या साठ चित्रांपैकी काही आजही पाहणाऱ्याला जागीच थांबवतात. एका पानावर पाण्यात तरंगणारी, जांभळ्या फुलांची वनस्पती आहे. ती आपल्या नद्यांचा आणि तलावांचा गळा आवळणारी जलपर्णीच. तिच्या मायदेशात, तिच्या पानांमध्ये बेडूक आहेत आणि एका बेडकाला पाण्यातल्या एका मोठ्या किड्याने पायांत जखडले आहे. किड्याने बेडूक खाणे! युरोपातल्या वाचकाला निसर्गाचा हा उलटा क्रम धक्का देणारा होता. दुसऱ्या पानावर सुरिनामचा पिपा जातीचा चपटा भेक आहे. मादीच्या पाठीच्या कातडीत अंडी रुतलेली असतात आणि त्या खळग्यांतूनच पूर्ण वाढलेली पिल्ले बाहेर पडतात. फ्रीसलंडच्या डबक्यात बेडकाची शेपूट आक्रसताना पाहिलेल्या मेरियनला या प्रकारचे केवढे अप्रूप वाटले असेल. मादी आणि तिची पिल्ले तिने ब्रँडीत घालून जपून ठेवली. मॉर्फो या निळ्या फुलपाखराचा पंख तिने भिंगाखाली पाहिला, तेव्हा तिला घराच्या छपरावरची कौले आठवली. खवले तसेच एकावर एक ओळीने रचलेले होते.

अठराव्या चित्रात पेरूची फांदी आहे. पाने मुंग्यांनी कातरून चाळण झालेली. मुंग्या एकमेकींना धरून एका फांदीवरून दुसरीवर पूल करीत आहेत. जाळी विणणारे कोळी आहेत. आणि खालच्या बाजूला, एका मोठ्या, केसाळ कोळ्याने हमिंगबर्ड या चिमुकल्या पक्ष्याला घरट्यापासून ओढून उताणे पाडले आहे. चोच वर, मान लोंबती. हेच ते चित्र.

२१ महिन्यांनी तापाने तिला गाठले. बहुधा हिवताप असावा. जून १७०१ मध्ये तिने सुरिनाम सोडले आणि सप्टेंबरात ती अ‍ॅमस्टरडॅमला पोहोचली. सोबत चित्रे, नोंदी, कोश, मद्यात बुडवलेले साप, आणि तिथली एक मूळ रहिवासी स्त्री. या स्त्रीने तिला माहिती पुरवली, एवढे कळते. तिचे नाव मेरियनने कुठे लिहिले नाही.

पुस्तक निघायला चार वर्षे लागली. १७०५ मध्ये सुरिनामच्या कीटकांच्या रूपांतरावरचा हा मोठ्या आकाराचा, ६० चित्रांचा ग्रंथ डच आणि लॅटिन भाषांत प्रसिद्ध झाला. प्रकाशक ती स्वतः. ताम्रपट कोरणाऱ्यांचे पैसे, उत्तम कागद, सगळा धोका तिचा. पैसे उभे करण्यासाठी ती बरण्यांतले प्राणी विकत होती, रंग विकत होती, आगाऊ ग्राहक गोळा करीत होती. हाताने रंगवलेली प्रत महाग, न रंगवलेली स्वस्त. वनस्पतींवरच्या टिपा लिहिल्या अ‍ॅमस्टरडॅमच्या वनस्पती उद्यानातल्या कास्पार कोमेलिनने. या गृहस्थाचा आपल्याशीही दूरचा धागा जुळतो. केरळच्या वनस्पतींवरच्या ‘हॉर्टुस मलबारिकुस’ या बारा खंडी डच ग्रंथाच्या कामात त्याचा काका यान कोमेलिन होता आणि त्या ग्रंथाची सूची कास्पारने केली. त्याच ग्रंथासाठी रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या कोचीच्या कोकणी वैद्यांनी माहिती पुरवली आणि त्यांचे प्रमाणपत्र नागरी लिपीत छापले गेले. मलबारच्या वैद्यांना निदान नावे तरी मिळाली. सुरिनामच्या लोकांच्या वाट्याला तेही आले नाही.

ग्रंथाचे कौतुक झाले, पण तिच्या हाती संपत्ती आली नाही. १७१५च्या सुमारास तिला पक्षाघात झाला. १३ जानेवारी १७१७ रोजी ती अ‍ॅमस्टरडॅममध्ये वारली. मृतांच्या नोंदवहीत ती निर्धन म्हणून नोंदली गेली. नेमक्या त्याच सुमारास रशियाचा झार पीटर द ग्रेट शहरात होता आणि त्याच्या वैद्याने तिच्या चित्रांचा मोठा संच त्याच्यासाठी विकत घेतला. धाकटी डोरोथेया पुढे नवरा गेओर्ग ग्झेल याच्यासह सेंट पीटर्सबर्गला गेली आणि तिथल्या वस्तुसंग्रहालयासाठी चित्रे काढू लागली. तिचीच मुलगी सालोमे ही थोर गणिती ऑयलर याची दुसरी पत्नी. थोरली योहाना नवऱ्याबरोबर सुरिनामला स्थायिक झाली होती. आईच्या सुरवंटांच्या पुस्तकाचा तिसरा भाग डोरोथेयाने १७१७ मध्ये छापून पुरा केला.

मेरियनचे ताम्रपट विकले गेले आणि खरा घोळ तिथून सुरू झाला. १७१९च्या आवृत्तीत प्रकाशकाने बारा जादा चित्रे घातली. पुढच्या आवृत्त्यांत रंगवणाऱ्यांनी मनाला येईल तसे रंग भरले. मूळ चित्र न पाहिलेला रंगारी तपकिरी पतंगाला लाल करून मोकळा होई. तरीही लिनियसने प्राण्यांना द्विनाम देताना तिच्या चित्रांचा आधार घेतला. त्या केसाळ कोळ्याला १७५८ मध्ये त्याने ‘अ‍ॅव्हिक्युलेरिया’ असे नाव दिले. लॅटिनमध्ये ‘अ‍ॅव्हिस’ म्हणजे पक्षी. मेरियनचे चित्र अशा रीतीने त्या कोळ्याच्या नावातच जाऊन बसले.

एकोणिसाव्या शतकात वारे फिरले. आता निसर्गशास्त्र हा पदवीधर पुरुषांचा प्रांत झाला होता. वेस्ट इंडीजमधल्या सेंट व्हिन्सेंट बेटावरचा पाद्री लॅन्सडाउन गिल्डिंग याचा, मेरियनच्या ग्रंथाची चिरफाड करणारा लेख १८३४ मध्ये प्रसिद्ध झाला. तो स्वतः सुरिनामला कधी गेला नव्हता. क्यूबात राहणाऱ्या विल्यम मॅक्लेनेही कोळी पक्षी खातो ही गोष्ट धुडकावून लावली. भोळी बाई, गुलामांनी आणि रानटी लोकांनी सांगितलेल्या कहाण्यांवर विश्वास ठेवून बसली, असा एकूण सूर होता. टीका तिच्यावर होती, पण तिला माहिती देणाऱ्यांवरही होती. त्यांचा शब्द पुरावा म्हणून धरायचाच नाही, असे जणू आधीच ठरले होते.

तिच्या चुका नव्हत्या असे नाही. कंदील-कीटक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फुगीर डोक्याच्या किड्याचा उजेड वाचायला पुरेल इतका पडतो, असे तिने लिहिले; तसा उजेड पुढे कुणालाच आढळला नाही. पेरूच्या चित्रातच मुंग्यांची गल्लत आहे. पाने कातरून जमिनीखाली नेणाऱ्या मुंग्या वेगळ्या आणि अंगाचे पूल करून टोळीने चाल करणाऱ्या वेगळ्या. तिने दोघींचे वागणे एकीच्या माथी मारले. हमिंगबर्डच्या घरट्यात तिने चार अंडी दाखवली, हा पक्षी घालतो दोन. टीकाकारांनी अशा चुका वेचल्या आणि त्यांच्या बळावर खऱ्या नोंदीही फेकून दिल्या. खरे तर टीकाकाराने त्या फांदीखाली एक रात्र काढली असती, तर पुढची तीस वर्षे वाचली असती.

ती रात्र नाही, पण तो दिवस उजाडला अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात. हेन्री वॉल्टर बेट्स हा इंग्रज ब्राझीलमध्ये अकरा वर्षे कीटक गोळा करीत हिंडला. कामेता गावाजवळ एका झाडाच्या खोडावर त्याला एक भला मोठा केसाळ कोळी दिसला. खोडातल्या फटीवर विणलेल्या दाट जाळ्यात दोन चिमण्या पाखरांची गाठोडी झाली होती. एक मेलेले; दुसरे कोळ्याच्या पोटाखाली, अजून पुरते न मेलेले. बेट्सने कोळ्याला हुसकावले आणि पाखरू उचलले, पण ते जगले नाही. आपल्यासाठी किडे गोळा करणाऱ्या एका मूळ रहिवासी कुटुंबातली मुले असाच एक कोळी कमरेला दोरी बांधून, कुत्र्यासारखा फिरवीत होती, असेही त्याने लिहिले आहे. म्हणजे जी गोष्ट विद्वानांत वादाची झाली होती, ती त्या मुलांच्या खेळातली होती. बेट्सचा ग्रंथ १८६३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला आणि त्यात त्याने मेरियनचे नाव घेऊन तिची नोंद खरी असल्याचे सांगितले. सुरिनाममधली गुलामगिरी कायद्याने संपली तीही त्याच वर्षी.

विसाव्या शतकात जर्मनीने तिचा चेहरा ५०० मार्कांच्या नोटेवर छापला. २००२ मध्ये युरो आल्यावर ती नोट व्यवहारातून गेली. सेंट पीटर्सबर्गला गेलेल्या चित्रांबरोबर तिची नोंदवहीही गेली होती. १९७६ मध्ये तिची हुबेहूब प्रतिकृती छापून निघाली, तेव्हा छापील ताम्रपटांच्या मागची मेरियन प्रथमच साऱ्यांना दिसली. वेलमच्या लहान लहान तुकड्यांवर एकेक सुरवंट, एकेक कोश, आणि शेजारी बारीक जर्मन अक्षरात कोणत्या दिवशी काय खाल्ले, कधी कात टाकली, कधी बाहेर आला याचा हिशेब. त्यात फ्रीसलंडचे बेडूक आहेत, सुरिनामचे पतंग आहेत, आणि तेराव्या वर्षी फ्रँकफुर्टच्या घरात पाळलेल्या रेशमाच्या किड्यांची हकीकतही आहे.